माझ्या मगातली ट्यूब

मंगळवार, ४ मार्च. सकाळी ११ वाजून २० मिनिटं.

वेळ मुद्दाम लिहिली आहे. त्याच मिनिटाला दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, दात घासता की भांडी?"

एकाहत्तराव्या वर्षी तोंडातले सगळे दात स्वतःचे, आणि ही कालची पोर मला आरसा दाखवते! डावीकडे हिरडीलगत खाचा. दातावरचं कडक आवरण झिजलंय, आतला पिवळा थर दिसायला लागलाय. दोन महिने गार पाण्याने कळ येते ती त्यामुळेच.

"दात पांढरे करणारी पेस्ट वापरता का? तिच्यात बारीक कच असते. ती डाग खरवडते. जोर लावलात तर दातही खरवडते."

म्हणजे पांढरे व्हावेत म्हणून घासले. घासले म्हणून पिवळे दिसले. पिवळे दिसले म्हणून आणखी घासले! वा!

"झिजलेलं परत येतं?"

"नाही येत, आजी."

बुधवार, ५ मार्च

पहिली ट्यूब मी आणलेली नाही. हे इथे नोंदवून ठेवते.

गेल्या जुलैत सगळं घर एका फोटोत बसवलं. काय हसलो होतो! मीच हसवत होते सगळ्यांना. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मगात, माझ्या ब्रशशेजारी, ही ट्यूब! चकचकीत, खोक्याशिवाय. घरात असलं कोण आणणार? सूनबाई. फोटोत माझे दात बघितले असणार. तोंडाने एक शब्द नाही, नुसती ट्यूब. टोमणाच तो!

म्हटलं, ठीक आहे. दिवसातून तीनदा. दर वेळी शंभर मोजून. कॉन्व्हेंटात सिस्टर नळावर रांगेत उभं करून शंभर मोजून घ्यायच्या, कोणी नव्वदवर थांबली की पुन्हा एकपासून. पहिली ट्यूब संपली तेव्हा तशीच दुसरी मी स्वतः आणली. मग तिसरी, चौथी... मी माघार घेणारी बाई नाही.

आणि ती? सदा ओठ मिटून हसते. हसण्यातही काटकसर!

शुक्रवार, ७ मार्च

कंपनीला पत्र टाकलं. रजिस्टर्ड. एकतीस वर्षं आवक-जावक विभागात लोकांच्या तक्रारींवर शिक्के मारले, आता एक माझीही जाऊ दे. तारीख, वेळ, दातांचे क्रमांक, सगळं घातलं. दहा दिवसांत लेखी उत्तर मागितलं.

मुलगा म्हणाला, "अगं आई, पेस्टवरून कोणी पत्र लिहितं का?"

म्हटलं, "दात तुझे झिजलेत का?"



बुधवार, १२ मार्च

उत्तर नाही. गार पाणी प्याले. मुद्दाम. कळ थेट मस्तकात गेली. तरी पेला संपवला.

सोमवार, १७ मार्च

उत्तर आलं, पण फोनवर. एक मुलगी, आवाजात नुसता पाक.

"मॅडम, ही पेस्ट आठवड्यातून दोनदाच वापरायची, असं लिहिलंय आम्ही."

"कुठे?"

"खोक्यावर, मॅडम. आतल्या झडपेवर."

आतल्या झडपेवर! म्हणजे आधी खोकं फाडायचं, मग उलटं करायचं, मग भिंग आणायचं! मी विचारलं, "बाळ, तू स्वतः कुठली पेस्ट वापरतेस?"

आवाजातला पाक आटला. मग हळूच, "मी साधी वापरते, मॅडम."

तिला म्हटलं, हेच मला कागदावर हवंय. फोन बंद.

मंगळवार, १८ मार्च

डॉक्टरीणबाईंनी मऊ ब्रश दिला. पेन्सिलीसारखा दोन बोटांत धरायचा म्हणे. हे काय घासणं आहे? गोंजारणं आहे! चाळीसपर्यंत मोजून थांबले. सिस्टर वरून बघत असतील तर बघू देत.

बुधवार, १९ मार्च

कंपनीला दुसरं पत्र गेलं. पण मूळ आरोपी घरातच आहे, तिला सोडून कसं चालेल? पाठकोऱ्या कागदावर लिहून सूनबाईच्या पर्सखाली ठेवलं:

"गेल्या जुलैत माझ्या मगात दात पांढरे करणारी पेस्ट कोणी ठेवली, का ठेवली, आणि त्यातून मला काय सुचवलं? लेखी उत्तर शुक्रवारी रात्रीच्या जेवणापूर्वी."

गुरुवार, २० मार्च

सकाळपासून ती माझ्याकडे बघत नाही. लागलं वाटतं वर्मी! बरं झालं.

शुक्रवार, २१ मार्च. संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटं.

उत्तर आलं. माझ्याच मगात, चार घड्या घालून. इथे जसंच्या तसं उतरवते.

"आई, ती ट्यूब माझी होती. ह्यांना दिसली असती तर हसले असते, म्हणून रात्रीपुरती तुमच्या मगात ठेवली. तिथे ते हात घालत नाहीत. सकाळी बघते तर तुम्ही दात घासत होता. मग मागायची हिंमत झाली नाही. मी तुम्हाला काहीच सुचवलं नव्हतं.

का आणली, तेही विचारलंत. रविवार, १४ जुलै, दुपारी सव्वा वाजता फोटोसाठी सगळे उभे होतो. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, 'तू तोंड मिटून हस गं, पिवळं चमकतंय.' सगळे हसले. मी तेव्हापासून मिटूनच हसते.

याचं लेखी उत्तर रविवार, २३ मार्च, संध्याकाळी सहापर्यंत मिळावं."