अक्रोडाची पाठ

११ जाने., रवि.
या घरात माझ्या हातचं: देव्हारा. चपलांचं कपाट. ईशाचं टेबल (एक खण अडकतो, पोरगी बोलत नाही, पण मला ठाऊक आहे). दोन छोटे स्पीकर. अँप्लिफायर तीन, पैकी एक मुका. आणि दिवाळीपासून केलरमध्ये (तळघरात) चाललेली सबवूफरची, खर्जाच्या स्पीकरची, पेटी, काल वर आणली. बर्च प्लाय, भिंती दुहेरी, आत आडवे-उभे आधार, डांबरी शीट. पाठीला अक्रोडाचं व्हिनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ थर, रेषेला रेष जुळवून. मी कॉमर्सचा माणूस. वाचून, चुकून, पुन्हा कापून शिकलो.
तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं. डग्गा घुमला तेव्हा पेटीच्या भिंतीवर हात ठेवून पाहिला. थरथर नाही. समाधान.

१४ जाने., बुध.
हाउसफेरवाल्टुंगचं, इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचं, पत्र. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लेंट्सची तक्रार: घर हादरतं. पुन्हा तक्रार आली तर पेटी इमारतीबाहेर. वैशाली म्हणाली, "अहो, आवाज कमी ठेवा की." आवाजाचा प्रश्नच नाही. भिंत हलत नाही, मी स्वतः हात लावून... बाईंचेच कान वाजत असतील.

१७ जाने., शनि.
फ्राउ लेंट्स दारात. भांडायला नव्हे. "हेर देवधर, बिट्टे, एकदा माझ्याकडे बसून ऐका."
वैशालीला वर तेच रेकॉर्डिंग लावायला सांगून गेलो. तबला जवळजवळ ऐकूच येत नव्हता. पण छताच्या दिव्याची काचेची झालर डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला किणकिणत होती. कपाटातले ग्लाससुद्धा. बाईंनी केक पुढे सरकवला. खाल्ला कसाबसा.

१८ जाने., रवि.
रविवार, जर्मनीत मशीन लावता येत नाही. म्हणून नुसता विचार.
मी भिंती बहिऱ्या करत बसलो. पण स्पीकरचा पडदा पुढे झेपावतो तेव्हा अख्खी पेटी मागे ढकलली जाते, भिंती कितीही जाड करा. वर मी खाली पोलादी टोकदार पाय लावले, सगळे हौशी लावतात तसे. म्हणजे धक्का थेट फ्राउ लेंट्सच्या छतात. हात लावायचा होता तो जमिनीला. लावला नाही.
उपाय एकच. पाठीत तसलाच दुसरा स्पीकर. दोघांनी एकाच वेळी बाहेर ढकलायचं, धक्क्याला धक्का भिडून खलास. आत दोघांना जागा थोडी तोकडी पडेल, अगदी खालचे सूर जरा उथळ होतील. ते मान्य. पण अक्रोड कापायचं...
ईशा मोबाइलमधून मान न उचलता: "नुर होल्त्स, बाबा." नुसतं लाकूड. असेल तिच्यासाठी.

२४ जाने., शनि.
कापलं. कड चांगली आली. कापलेली चकती फेकली नाही.

३१ जाने., शनि.
दुसऱ्या स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या. माझ्याकडून! खर्ज गायब, आणि पेटी मात्र सरकत भिंतीकडे चालली. वैशाली दारातून, "कुठे निघाली ती? पासपोर्ट घेतलाय ना?"
वायरी बदलल्या. पोलादी पाय काढून रबर. वर पाण्याने भरलेली वाटी ठेवली, डग्गा लावला. पाण्यावर रेघ नाही.
खाली जाऊन आलो. दिवा गप्प. अगदी खालच्या एका सुराला एक ग्लास अजून किंचित कुरकुरतो. फ्राउ लेंट्स: "जा, जा, एवढं चालतं मला." मला चालत नाही. पण पत्राचं भय गेलं, निदान त्यांची मर्जी आहे तोवर.

८ फेब्रु., रवि.
फ्राउ लेंट्सनी जावयाला वर आणलं, थॉमस. कायझर्सलाउटर्नजवळ त्याचा स्पीकरचा छोटा कारखाना. पेटीभोवती दोनदा फिरला, वाटीतलं पाणी पाहिलं, हसला. माझा गुण जाणणारा माणूस पहिल्यांदा घरात आला, खोटं कशाला लिहू, छाती फुगली.
मग म्हणाला, ही पेटी मी कारखान्यात बनवून विकतो. आकार तुमचाच, ड्रॉइंग तुमचीच. फक्त स्पीकर पुढचा एकच. पाठीला नुसती जाळी, दिसायला दोन.
"मग पेटी हलणार."
"गिऱ्हाईक मागे बघत नाही, हेर देवधर."
गिऱ्हाइकाच्या खाली राहणारा? हे बोललो नाही. त्याच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. विचार करतो म्हटलं.

११ फेब्रु., बुध.
वैशाली: "जावई आहे तो त्यांचा. नाही म्हणालात आणि उद्या त्यांना तो एक ग्लास खटकायला लागला, तर?"
बरोबर आहे तिचं. पेटी जाईल. केलरमध्ये वाजवायलाही बंदी.
म्हटलं, तो जाळी लावेल, आणि लोक म्हणतील देवधरांची पेटी हादरते.
"लोकांना देवधर कोण ते ठाऊक तरी आहे का?"


१४ फेब्रु., शनि.
सकाळी थॉमसला फोन केला. नाही म्हणालो, कारण सांगितलं. तो शांतपणे "आल्झो गूट" म्हणाला, बरं तर.
दुपारी जिन्यात फ्राउ लेंट्स. नेहमीसारखं "हालो" नाही. घाईत असतील. किंवा...
संध्याकाळी पेटी लावली नाही. 
नाकारलं ते नीट लिहून ठेवतो, नंतर मनात फुगायला नको: आकार आणि ड्रॉइंगचे कायमचे हक्क थॉमसला, जाळीवर त्याच्या कारखान्याचं नाव. मला नऊ हजार युरो.