उशीचा श्वास

मिनलवहिनी,

तुमचा नवा पत्ता मिळवला. लिहायला मला तोंड नाही, तरी लिहितेय.

बाळंतपणाला माहेरी, भोसरीत आलेय. तुमच्या चिनूचा श्वास थांबला तर वाजावी म्हणून तुम्ही आणलेली गादीखालची पट्टी आता माझ्या लेकीखाली असते. परवा लेक मांडीवर होती, गादीवर नुसती उशी, तरी पट्टीचा श्वास दाखवणारा हिरवा दिवा लुकलुकतच होता. उशी श्वास कशी घेते? मला राहवेना.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, शेजारच्या वर्कशॉपचं प्रेस मशीन बंद. पुन्हा उशी ठेवली. पट्टी लगेच कोकलली. म्हणजे इतर दिवशी ती मशीनचे हादरेच श्वास म्हणून मोजते!

चिनू गेला त्या मंगळवारी मशीन धडधडत होतं, पट्टी गप्प होती. "वहिनींनीच बंद ठेवली असणार," असं घरात सगळ्यांत आधी मी म्हणाले होते.

तुमची नणंद,
पूनम