पाल्हाळ नको

३ फेब्रुवारी, सोमवार
वैजापूरच्या विनाअनुदानित शाळेत अकरा वर्षं घासल्यावर आजपासून मी सिडकोतल्या एका वाचनालयाची ग्रंथपाल. मी खूश आहे. लिहून ठेवते, कारण असं वरचेवर होत नाही. पंखा चालतो, खिडकीत कडुलिंब आहे, आणि पुस्तकं पोरांसारखी ओरडत नाहीत.

घरात आम्ही दोघंच, मी आणि वडील. नाना बहात्तर वर्षांचे, पण तोंड पंचविशीतलं. देवगाव रंगारीहून बैल कसा आणला ते सांगायला बसले की बैल दोन तास चालतच राहतो. मी वैतागते. पण आई गेल्यावर घरात आवाज म्हणून तेवढाच उरलाय, आणि तो मला हवा आहे.

वाचनालयाचे अध्यक्ष रामकिसन सर, निवृत्त मास्तर. त्यांचा नियम असा, की पुस्तक परत करताना अभिप्रायाच्या वहीत त्याचा नंबर टाकून मत लिहायचं. त्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. सही लागत नाही, त्यामुळे लोक मन मोकळं करतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार
दिवसभर अभिप्राय वाचले. वाचक म्हणजे जावयासारखे दशमग्रह, लग्नात नुसतं रुसायचं. एकाला कादंबरी आवडली, पण मांजराचं पुढं काय झालं ते लेखकानं कळवावं म्हणे. एक बाई लिहितात, कथा चांगल्या आहेत पण लई लवकर संपतात. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कुण्या पुण्यवानानं पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलंय. पुष्कळ दिवसांनी एकटीच हसले.

११ फेब्रुवारी, मंगळवार
वहीत ४११२ नंबरच्या कादंबरीवर अभिप्राय आहे. आपली पुस्तकांची दाखल नोंदवही ४१११ वर संपते. अभिप्राय असा: 'नायिका आधी मास्तरीण, आता पुस्तकं देते. सुरुवात बरी. पण बापाचा बैल किती चालवायचा? पाल्हाळ नको.'

आधी हसू आलं. मग आठवलं, की बैलाचं मी फक्त या रोजनिशीत लिहिलंय, आणि ही घरात कपाटात असते.

संध्याकाळी नानांनी बैलाचं काढलं. वेरूळच्या घाटापर्यंत आले आणि थांबले. म्हणाले, पुढचं काय ते ध्यानातच येईना बघ.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
रामकिसन सरांना वही दाखवली. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, इथं रुजू होणाऱ्या प्रत्येकीला नंबर पडतो, आणि पडलेला नंबर काढता येत नाही. माझ्या आधीच्या बाई वाचकांशी भांडल्या. मी त्यांचं नाव विचारलं. सर बराच वेळ आठवत राहिले. मग हजेरीपट उघडला. महिन्यांमागून महिने सह्यांच्या जागा कोऱ्या होत्या.

नवा अभिप्राय, वेगळं अक्षर: 'म्हातारा कथानक अडवतो.'

१७ फेब्रुवारी, सोमवार
नाना आज दिवसभरात चार शब्द बोलले. व्हय. नाय. पाणी. बरं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वय शुक्रवारीही तेवढंच होतं.

मी स्वतःच वहीत लिहिलं, की बापाचं पात्र सगळ्यांत जिवंत आहे. तासाभरात त्याखाली ओली शाई: 'नायिकेनं मध्ये बोलू नये.' त्या तासात वाचनालयात माझ्याशिवाय कुणीच आलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार
काल मुद्दाम लिहिलं नाही. वाचायलाच काही नको, म्हणजे सुटू, असं वाटलं. आधी दिवस सुटले ते कामात, पण मुद्दाम टाळलेला कालचा दिवस नानांना झालाच नाही. ताटली मांडीवर, घास हातात, डोळे उघडे — हलवलं, हाका मारल्या — काही नाही. आज सकाळी इथं लिहिलं, नानांनी घास खाल्ला. खाल्ला.

मग लिहिलं, नाना खूप बोलले. नाना गप्पच.

वहीत: 'पटत नाही.'

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सहा अभिप्राय, अक्षरं सहा, मजकूर एकच: 'दोन पात्रं जास्त होतात. एक ठेवा.'

नानांना दिसेनासं झालंय बहुतेक. माझा हात सोडत नाहीत. मला भीती वाटते. आणि इतकी थकलेय, की भीतीचाही कंटाळा —

२२ फेब्रुवारी, शनिवार
वहीत लिहून आले. बाप ठेवा. मुलगी काढा.

खाली लगेच: 'छान. हे पटतं.'

२३ फेब्रुवारी, रविवार
नाना बोलतायत. दारात खुर्ची टाकून शेजारच्या साळूबाईंना सांगतायत, लई दिसांनी झोप लागली, उन्हाळा अवंदा लवकर आला, पाण्याचा वार कुठला — थांबतच नाहीत. रडू आवरेना. पुढं जाऊन उभी राहिले.

माझ्याकडं पाहून त्यांनी टोपी नीट केली. म्हणाले, या बाई, बसा, कोणाच्या म्हणायच्या तुम्ही.

मी म्हटलं, नाना, मी तुमची —