निंबाखालच्या मुंग्या

वालूर
मिती कार्तिक वद्य पंचमी, शके १८६६

चि. सौ. दैवशाला हिला अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र बाजाराच्या दिवशी पोचलं. दिनकरराव आणि लेकरं खुशाल आहेत हे वाचून बरं वाटलं. इकडे कापसाची वेचणी चालू आहे. माझं अक्षर यांनी शिकवलं तसंच वाकडं राहिलं, लावून वाच.

तू लिहितेस, तिथं आता कोण आहे तुझं, गंगाखेडला येऊन राहा. मागच्या खेपेला मी म्हशीचं कारण सांगितलं. म्हैस तर आषाढातच आटली. तू काही खुळी नाहीस, कळलंच असेल तुला.

आधी तब्येतीचं. मृगात पायात बाभळीचा काटा मोडला आणि मला कळलाही नाही. पू झाला तेव्हा कामाला येणाऱ्या तानुबाईनं बघितला, म्हणून भुजंगभावजींनी बळंच परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी निळ्या औषधात माझी लघवी टाकून दिव्यावर धरली. निळ्याचं विटकरी झालं. यांच्या वेळी त्याच बाकड्यावर बसून मी तोच रंग बघितला होता.

"किशनरावांचीच बीमारी तुम्हालाही आहे, बाई, लघवीतून साखर जाते," डॉक्टर म्हणाले. "गूळ, भात बंद. रोज सकाळी चालायचं, आणि अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही."

बाहेर ओट्यावर येऊन मी रडले. भावजींना वाटलं, बीमारीला भ्याले. तसं नव्हतं गं.

न्हाणीचं पाणी, लघवीसकट, परसातल्या निंबाच्या बुडाशी जातं, तुला माहीत आहे. हे आजारी होते तेव्हा तिथं मुंग्यांचा थर बसायचा. चैत्रात हे गेले, दिवस झाले, तरी मुंग्या हटेनात. तानुबाई सडा टाकता टाकता हळूच बोलली, "मालक गेलेच न्हाईत, बाई. मुंग्या बगा की. इथंच हायेत."

मला भीती वाटायला हवी होती. मी मात्र उठले की आधी निंबाकडे जायचे. यांच्या उशाचा तांब्या मी अजून भरून ठेवत होते, तो सकाळी रिकामा असायचा. मी म्हणायचे, यांची तहान काही भागत नाही. खरं सांगते, तेव्हा मी एकटी नव्हतेच.

आणि त्या औषधानं सांगितलं की मुंग्या माझ्या होत्या. तांब्याही अर्धवट झोपेत मीच पीत होते. म्हणजे मी बरी झाले की हे जाणार. सांग, कोण बरं होईल? घरी आल्यावर मी मुद्दाम गूळ खात राहिले. जखम काळी पडायला लागली तशी तानुबाई कडाडली, "पाय तोडावा लागला तर निंबापस्तोर बी जाता यायचं न्हाई. मग काय करताल?"

त्या दिवसापासून मी गूळ सोडला. जखम भरल्यावर यांच्या वहाणा काढल्या, घरात दुसऱ्या नव्हत्याच. पुढं दोन बोटं मोकळी राहायची. विधवा बाई रिकाम्या हातानं फिरायला निघाली की लोकांची तोंडं सुटतात, म्हणून हातात विळा धरून शेतापर्यंत जायचे. मोठ्या वहाणा फटक फटक वाजायच्या, मागून हेच येत असल्यासारख्या. मी वळून बघत नसे.

दसऱ्याला निंबाखाली नुसती माती होती. मुंगी एक नाही. तिथंच बसून मी यांना दुसऱ्यांदा रडले.

दिवाळीनंतर दवाखान्यात गेले तर औषध निळंच राहिलं. डॉक्टर हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी उजाडता परसात गेले. निंबाखाली मुंग्यांचा थर होता.

तानुबाईला मी दाखवलं नाही. एक रांग निंबापासून अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत आली होती आणि थेट वहाणांत शिरली होती. माझी बोटं पोचत नाहीत, त्या पुढच्या दोन बोटांच्या जागेत मुंग्या खच्चून भरल्या होत्या. माझ्या जागेवर एकही नाही.

अंगावर सरसरून काटा आला. हे मला न्यायला आले असतील का, असंही मनात आलं. आणि दैवशाला, मला जायचं नव्हतं. चैत्रात विचारलं असतं तर गेले असते. वहाणा झटकून पायात घातल्या, विळा घेतला आणि निंबाकडे बघून म्हटलं, "बसा तुमी. मी शेतावर जाऊन येते."

त्या दिवशी वहाणा वाजल्या नाहीत. पुढची मोकळी जागा कुणी भरल्यासारख्या घट्ट बसल्या होत्या. रोज तशाच बसतात आता.

माघात मी तुझ्याकडे राहायला येते. त्याआधी एक काम कर. पत्रासोबत दोरा ठेवला आहे, तो माझ्या पावलाचा आहे. तेवढ्या मापाच्या वहाणा तिथल्या चांभाराकडून करवून लवकर पाठव. यांच्या मी निंबाखाली ठेवून येणार आहे. तांब्याही भरून ठेवीन.

दोरा नीट मोज. दोन बोटं जास्तीची नकोत.

अजून चालती असलेली,
तुझी अक्का धुरपदा