नवव्या फुलापाशी थांबलेली वाकळ

मी, श्रीमती कुमुदिनी श्रीपती कुरणे, वय वर्षे एकोणसत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त शिवणशिक्षिका, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, चष्मा लावून लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांची दाखल्यावाचून खात्री पटली नसती त्यांचे नाव पुढे येईलच. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब टाकायला येणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. २००१ साली लिहिलेले माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात राग जास्त होता आणि मजकूर कमी.

कलम १. बावड्यातील दोन खोल्या, स्वयंपाकघर व पुढचे अंगण असे माझे राहते घर मी नोकरीच्या कमाईतून बांधले. माहेरची किंवा सासरची एक वीटही त्यात नाही. हे घर माझी नात, म्हणजे माझी दिवंगत मुलगी दीक्षा हिची एकुलती मुलगी, कु. संघप्रिया अतुल शिंगे हिला मी देत आहे. ती अठरा वर्षांची आहे आणि गडहिंग्लजला कॉलेजात शिकते. घर विकायचे की राहायचे हे तिने ठरवावे.

माझा भाचा प्रसेनजीत याचा या घरावर काडीचा हक्क नाही. गेल्या मे महिन्यात तो मोजायचा टेप घेऊन आला आणि भिंती मोजू लागला. मी विचारले, "हे काय चाललंय?"

"आत्या, फरशी बसवून देतो की तुला. नवी, गुळगुळीत."

"फरशीला छपराची उंची कशाला लागते?"

"आसू दे की, म्हाईत आसावं मान्सानं."

जाताना तो टेप खिडकीत विसरून गेला. तो टेप त्याला परत द्यावा. माझ्या घरातून त्याला मिळणारी वस्तू एवढीच, आणि तीही त्याचीच आहे.

कलम २. पोस्टात व बँकेत जे असेल ते अंत्यविधीचा खर्च वजा जाता संघप्रियाच्या शिक्षणासाठी. तिने कोणता अभ्यास करावा याबद्दल मी मत देणार नाही. तिच्या आईला मी खूप मते दिली.

कलम ३. माझे पायाचे शिलाई मशीन शेजारच्या शालूबाईंची सून चालवते आहेच, ते तिलाच राहावे. कापडाची मोठी कात्रीही तिला. तिने त्या कात्रीने कागद कापू नये. ते मला वरून दिसेल असे मी म्हणणार नाही, कारण वर काही आहे यावर माझा विश्वास नाही. पण शालूबाई भिंतीपलीकडेच आहेत, त्यांना दिसेल.

कलम ४. लोखंडी पलंगाखालच्या पेटीत माझ्या आईने, दिवंगत बायडाबाईंनी शिवलेल्या दोन वाकळा, म्हणजे गोधड्या, आहेत. त्या संघप्रियाला. त्यांच्याबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे कलम समजणार नाही.

माझे वडील एका कॉन्व्हेंट शाळेत माळी होते, म्हणून मला तिथे फी माफ होती. आई जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची, घरच्या आणि गल्लीतल्या लोकांच्याही. तिचा धावदोरा निपाणीच्या रस्त्यासारखा वळणे घेत जायचा. शिवण शिकवणाऱ्या सिस्टर ऑगस्टा मात्र आमचा रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या. मागे एखादी गाठ दिसली, दोरा लोंबताना दिसला, की सगळे उसवायला लावायच्या. मी दहा वर्षांची असताना घरी येऊन आईची वाकळ उलटी केली आणि तिच्या गाठी मोजून दाखवल्या. आई म्हणाली, "आगं, वाकळ पांगराय आसती. उलटी करून बघाय न्हाय." मला तिची लाज वाटली.

आईची एक रीत होती. वाकळीची शेवटची कड बंद करण्याआधी ती आत भाकरीचा लहानसा तुकडा ठेवायची. म्हणायची, उपाशी वाकळ ऊब देत नाही. यावरही मी हसले होते. भाकरीला उंदीर येतात, असे मी तिला शास्त्रीय कारण दिले. त्या दोन्ही वाकळा आज साठेक वर्षांनंतर धड आहेत. उंदीर आले नाहीत.

पुढे मी स्वतः छत्तीस वर्षे मुलींना शिवण शिकवले आणि प्रत्येकीचे काम आधी उलटे करून पाहिले. १९९६ साली निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात एका मुलीने भाषणात सांगितले की बाईंनी उसवायला शिकवले. सगळे हसले. मला ते कौतुक वाटले.

कलम ५. दुसऱ्या, निळ्या पेटीत माझ्या मुलीने रंगवलेले बाटिकचे कापड आहे. हेही संघप्रियाला.

दीक्षा लग्नानंतर आजऱ्याला गेली. तिचा नवरा अतुल तिथे काजूच्या कारखान्यात सुपरवायझर. लग्नाआधी ती शाहूपुरीत एका बाईंकडे बाटिक शिकली होती. सुती कापडावर ब्रशने वितळलेले मेण लावायचे आणि कापड रंगात बुडवायचे. मेण असते तिथे रंग बसत नाही. वाळताना मेणाला बारीक तडे जातात, तडे गेले तिथून रंग आत शिरतो आणि कापडावर पानाच्या शिरांसारख्या रेषा उमटतात. पहिला तुकडा तिने मला दाखवला तेव्हा मी म्हटले, "बिघडलं हे. रंग आत गेलाय."

"आई, बाटिक म्हणजे तेच. तडा नको असेल तर छापील कापड काय वाईट?"

"आमच्या सिस्टरनी शून्य मार्क दिले असते."

"बरं झालं, मी मराठी शाळेत गेले," ती म्हणाली.

कलम ६. आता ज्या वस्तूसाठी हे मृत्युपत्र लिहायला बसले ती.

१९९८ च्या पावसाळ्यात दीक्षाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचे कळले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस करायचे ठरले, म्हणून ती माझ्याकडे बावड्याला राहायला आली. अतुल मुलीला आजऱ्यात आपल्या आईजवळ ठेवून डायलिसिसच्या दिवशी पहाटेची एसटी धरून यायचा. चार चार तास खुर्चीत बसून राहायचे, हात सुईला जोडलेला, आणि मशीन चालू झाले की तिला पायातून थंडी भरायची. पूर्ण पांघरूण हाताच्या नळ्यांना अडकायचे. मी म्हटले, मांडीवर मावेल एवढीच वाकळ शिवते, गुडघ्यांपुरती. तिने निळ्या पेटीतले बाटिक काढून दिले. मळकट पिवळ्या कापडाच्या जमिनीवर बाटिकची फुले कापून लावायची, म्हणजे ज्याला आम्ही शाळेत अ‍ॅप्लिक म्हणायचो ते. तीन ओळी, नऊ फुले. जास्वंद, कण्हेर, चाफा मी ठरवले. ती म्हणाली, "एक घाणेरीचं पण लाव. तुला नावं ठेवायला काहीतरी हवं."

बाटिक नव्याने शिवणाऱ्यांसाठी लिहिते. कापड आधी मिठाच्या पाण्यातून काढा, नाहीतर रंग जमिनीवर उतरतो. राहिलेले मेण वर्तमानपत्रात धरून इस्त्रीने काढा, नाहीतर सुई चिकटते. पाकळीची कड पाव इंच आत मुडपा, वळणावर कात्रीने बारीक चिरा द्या आणि टाका वरून दिसू देऊ नका. हे सगळे मी केले. नोव्हेंबरच्या शेवटी आठ फुले झाली होती. मग मी वाकळ उलटी करून पाहिली.

जास्वंदीच्या मागे दोन गाठी होत्या. चाफ्याची एक पाकळी टोकाला बोथट झाली होती. मी तीन फुले उसवली. पुन्हा लावली, तर आता बाकीची त्यांच्यापुढे हिणकस दिसू लागली. तीही उसवली. दीक्षा खुर्चीतून पाहायची आणि विचारायची, "झाली का गं?" मी म्हणायची, "होईल. तुझ्या कापडाला साजेशी झाली पाहिजे." डिसेंबर असा गेला.

२१ जानेवारी १९९९, गुरुवार. डायलिसिसचा दिवस. आठ फुले पक्की लागली होती, नववे घाणेरीचे कच्च्या टाक्यावर आणि टाचण्यांवर होते. रिक्षा दारात उभी होती. अतुल आत आला.

"मामी, द्या की ती तशीच. आज लई गारठा हाय."

"टाचण्या आहेत तिला."

"मी काढतो की टाचण्या."

"अर्धवट काम मी कुणाच्या अंगावर घालत नाही," मी म्हणाले.

दीक्षा त्याच्या हाताचा आधार घेऊन उभी होती. ती हसली. म्हणाली, "राहू दे ओ. उसवल्याशिवाय तिला जेवण जात नाही." आणि दोघे गेले. मी दुपारपर्यंत घाणेरीची बारीक फुले एकेक करून बसवत होते. एक उसवलेही. साडेतीनला शालूबाईंच्या घरी फोन आला. दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या मांडीवर अतुलने स्वतःचा स्वेटर पसरलेला होता. बाह्या दोन्ही गुडघ्यांखाली खोचल्या होत्या. तिचे पाय गार होते.

दीक्षाच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भन्ते बसलेले असताना, सगळ्या पाहुण्यांदेखत मी म्हटले की या माणसाने माझ्या मुलीला थंडीत उघड्या रिक्षातून नेले. शालूबाईंनी माझा पदर ओढला. मी दुसऱ्यांदा म्हटले. अतुल समोर बसला होता. त्याला एका वाक्यात मला गप्प करता आले असते. त्याने वाकळीचे नाव काढले नाही. त्या दिवशी नाही, पुढे नऊ वर्षांत कधी नाही, आपल्या मुलीजवळसुद्धा नाही. हे मला गेल्या महिन्यात कळले.

तोपर्यंत मी त्याच्यावर रागवत राहिले. दीड वर्षाने त्याने मोनाशी लग्न केले तेव्हा मला कारण सापडल्यासारखे झाले. मोना दर वर्षी काजू पाठवायची, मी ते पुडे न फोडता शालूबाईंना द्यायची. एका वर्षी फोडला. चांगले होते. ते कोणाला सांगितले नाही. संघप्रियाला त्यांनी माझ्याकडे येऊ दिले नाही असे मी लोकांना सांगत आले. खरे असे की ती दहा वर्षांची असताना दोघे तिला घेऊन आले होते आणि मी दार उघडले नाही. त्यांना पाहिले की ती वाकळ आठवायची.

गेल्या महिन्यात संघप्रिया एकटी आली. जेवली. निळी पेटी पाहायची म्हणाली आणि तिच्या तळाशी तिला वाकळ सापडली, टाचण्या गंजून कापडाला डाग पडलेले. तिने विचारले, "आजी, ही कुणाची?" मी सगळे सांगितले. वर लिहिले आहे तसेच, "अर्धवट काम" या शब्दांसकट. ती टाचण्यांचे डाग बोटाने चाचपत राहिली. मग म्हणाली, "पप्पा थंडीत अजून तोच स्वेटर घालतात. मम्मी नवीन आणते, तरी." आणि वाकळ मांडीवर पसरून बसली. आठही फुलांवरून तिने हात फिरवला. उलटी करून पाहिली नाही. तिला कोणी ते शिकवलेले नव्हते.

ही वाकळ मी अतुल गुंडू शिंगे, राहणार आजरा, यांना देत आहे. तशीच. नववे फूल पक्के लावलेले नाही, मागची बाजू झाकलेली नाही, डाग गेलेले नाहीत. टाचण्या मात्र मी काढल्या आहेत. त्यांनी मागितली होती तेव्हा हे पाच मिनिटांचे काम होते, परवा मोजले.

ती पुरी करावी असे संघप्रियाला कधी वाटले तर तिने करावी. टाके कसेही पडोत. माझ्या हाताखाली शिकलेल्या कोणाही बाईने ते उसवू नयेत. शेवटची कड बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवावा. जोंधळ्याची असेल तर बरे, माझ्या आईची तीच असायची.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ~~दीक्षाचा नवरा~~ माझे जावई अतुलराव शिंगे यांनी करावी. त्यांना मी विचारलेले नाही. विचारायचे तोंड नाही. नको असेल तर त्यांनी नाही म्हणावे, मला त्याचा राग येणार नाही, आणि हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत आहे.

कलम ८. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील म्हणावे, भाषणे नकोत. माझ्यावर कोणाची वाकळ, शाल, काही घालू नये. साधे पांढरे कापड पुरे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, खाली दिलेल्या दोन साक्षीदारांसमक्ष सही केले आहे. त्यांनीही माझ्यासमक्ष व एकमेकांसमक्ष सह्या केल्या आहेत. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले आहे. जोतीराम म्हणाले, "चहा तर मिळंल न्हवं, बाई?" तो दिला.

ठिकाण : कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक : २७ जानेवारी २००८, रविवार

सही : कुमुदिनी श्रीपती कुरणे

साक्षीदार :
१. जोतीराम बाळासो चौगले, निवृत्त पोस्टमन, कसबा बावडा (सही)
२. झुंबरबाई आण्णा सावंत, कसबा बावडा (डाव्या हाताचा अंगठा)

खाडाखोडीबाबत खुलासा : कलम ७ मध्ये "दीक्षाचा नवरा" हे शब्द खोडून "माझे जावई अतुलराव" असे लिहिले आहे. ही दुरुस्ती माझ्या हातची आहे. पान पुन्हा लिहून काढलेले नाही.

कु. श्री. कुरणे