आपल्या लोकांत

मंगळवार, संध्याकाळ

क्लोनडॉकिनला भाड्याची खोली बघून आलो, तीही हातची गेली. मित्राचा सोफा तर शुक्रवारी सोडायचाय. खोलीच्या खिडकीतून कालवा दिसत होता, बदकं पण. मी दारात बूट काढले तशा आयरिश मालकीणबाई हसल्या. मग गोड आवाजात म्हणाल्या, "तुझ्या लोकांची वसाहत पलीकडे आहे, तिथे जास्त रमशील." यावर भांडायचं तरी कसं?

सँडीफोर्डच्या वहिनीला फोन केला.

"अरे वेड्या, तिकडे कशाला? आमच्या बिल्डिंगमध्ये ये. सगळे आपलेच."

"आयरिश कोणीच नाही?"

"एक आजोबा होते, गेले घर सोडून. पण कढीपत्ता कुठल्याही दारात मिळतो बघ!"

दोघी एकच बोलल्या की काय? ती बदकं मात्र मस्त होती.

आत्ता वहिनीचा मेसेज आला. खोली पक्की. मालकांनी फक्त आडनाव विचारलं म्हणे. मी 'हो' कळवलं.