खेचरवाल्या शिपायाचा हार

शिरूर,
ता. १० फेब्रुवारी २०००

आदरणीय भिमामामांस, भाचा राजरत्नचा सविनय जयभीम.

मामींचे गुडघे कसे आहेत? दौंडच्या थंडीत त्यांना पहाटे पाण्यात हात घालू देऊ नका. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण मामा, परवा मंगळवारी दुपारी पावणेतीनला खुटबावात ताईबाईंनी, म्हणजे करुणाच्या आईनं, माझ्या फ्रेमला झेंडूचा हार घातला आणि तिथून माझ्या आयुष्याची गाडी रूळ बदलून गेली. (तुम्ही रेल्वेतले, म्हणून असं लिहिलं.)

तुम्हाला माहीतच आहे, कॉलेज सोडल्यापासून मी बाळासोच्या फ्रेमच्या दुकानात बसतो. (सोडलं म्हणजे एकानं आमच्या कॉलेजातल्या करुणावर शेरा मारला, मी बाक उचलला, प्राचार्य म्हणाले माफी माग, मी म्हणालो बाक माफी मागेल.) कारगिलनंतर ज्याला त्याला घरात जवान हवा झालाय. बाळासोनं पुण्याच्या जुन्या बाजारातून परदेशातल्या महायुद्धाच्या चित्रांचा गठ्ठा आणला. लढाई चालू असतानाच चित्रकारांनी काढलेली, त्यांच्या रंगीत छापील नकला. जळती जहाजं, चिखलातले शिपाई, धूर. मी त्या काचेत बसवून कारेगावला कंपनीतल्या कामगारांच्या खोल्याखोल्यांत विकतो. तिथं एकानं काटकोन मापायचा गुण्या लावून फ्रेमचे चारही कोपरे तपासले आणि माल रिजेक्ट केला. दुसरा म्हणाला, जहाज राहू द्या, पण जाळाच्या जागी धबधबा मिळंल का? मामा, कलेची ही किंमत बघून मी तिथंच काच फोडली. आपलीच.

तर त्या गठ्ठ्यात एक चित्र होतं. बर्फात एकटा शिपाई, शेजारी खेचर, टोपाच्या सावलीत तोंड दिसत नाही. मला वाटलं, करुणाचा भाऊ सतीश लष्करात, हे चित्र तिच्या घरी भिंतीवर लागलं की येताजाता तिला माझी आठवण होईल आणि तिच्या वडलांना, म्हाळू आप्पांना, माझ्याबद्दल चार चांगले शब्द सुचतील. सोनेरी पट्टी संपली होती म्हणून काळी लावली. चूक तिथंच झाली असं बाळासो म्हणतो.

खुटबावात उतरलो तर गुंडाळलेला पेपर फाटलेला. म्हटलं काढूनच टाकावा. थांब्यावर शेवंताबाई बसल्या होत्या, करुणाच्या शेजारच्या. त्यांनी काळी फ्रेम बघितली, आतला शिपाई बघितला, माझं तोंड बघितलं (ते दोन वर्षांपासून तसंच आहे) आणि विचारलं, "कुणाकडं रं?" मी म्हणालो, "सतीशच्या घरी." त्या तडक उठून गेल्या. मला वाटलं ऊन लागलं असेल. मी हॉटेलात चहा घेतला, चार वेळा भांग पाडला, धीर गोळा करायला अर्धा तास गेला.

पोचलो तर दारात गाव. बाया रडतायत, करुणा ओट्यावर डोकं टेकून बसलेली. आप्पा घरात दिसेनात, म्हणजे आप्पाच गेले! मी "आप्पाऽऽ" म्हणून असा हंबरडा फोडला की बाया गप्प झाल्या. दोघांनी मला धरलं, तिसऱ्यानं फ्रेम अलगद काढून खुर्चीवर ठेवली, मेणबत्ती लावली, ताईबाईंनी हार घातला. एवढ्या दुःखातही या माणसांना चित्राची कदर, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात उसाला पाणी सोडायला गेलेले आप्पा चिखलाच्या पायांनी मागून येऊन उभे राहिले.

आप्पा फ्रेमपुढे उकिडवे बसले. मग म्हणाले, "ह्यो आपला सत्या न्हाई. सत्या जबलपूरला मेसमधी पोळ्या लाटतोय. तिथं बर्फ कुठला आन् खेचर कुठलं?"

एक पोरगा फोनच्या बूथवर पळाला. जबलपूरला सतीशनं स्वतः फोन घेतला आणि आई रडतेय हे ऐकून तोही रडला.

मग सगळे माझ्याकडे वळले. आप्पा म्हणाले, "जित्या पोराच्या घरी ह्यो खेचराचा राखणदार आणलास व्हय?" इथं गप्प बसायला हवं होतं. मी उसळून म्हणालो, "आप्पा, चित्रकारानं लढाईत उभं राहून रंगवलंय ते!"

"मग बंदूक का न्हाई धरली त्येनं? हात तर मोकळंच व्हतं."

कुणी तरी फ्रेम उचलायला गेलं, तर ताईबाईंनी अडवलं. "ऱ्हाऊ द्या. मी रडलीय त्याच्यासाठी. त्याचीबी आई असंलच की कुठं." त्यांनी हार तसाच ठेवून फ्रेम भिंतीला लावली.

एवढ्यावर निभावलं असतं. पण सतीश गेल्याची बातमी भांडगावलाही गेली होती. तिथलं ते स्थळ, उन्हाळ्यात मुलगी बघायला येणारं, जीप करून भेटायला आलं. कुणी मेलेलं नाही म्हटल्यावर परत कसं पाठवायचं? पोहे झाले. करुणानं सुजल्या डोळ्यांनी चहा दिला. मुलाची आई म्हणाली, "भावावर किती जीव हाय पोरीचा," आणि पसंती देऊन टाकली. रविवारी सुपारी. म्हणजे मामा, बघण्याचा कार्यक्रम मीच घडवून आणला, स्वखर्चानं, काचेसकट.

असो. मी तिला विसरलो आहे. मामींना जयभीम.

आपला भाचा,
राजरत्न

ता. क. विसरलो नाही.

ता. क. २. भांडगावचं स्थळ तुम्ही सुचवलंत असं शेवंताबाईंकडून कळलं. तुम्हाला माझं माहीत नव्हतं, राग नाही. (आहे, पण तुमच्यावर नाही.) तुमच्या शब्दावर मंडळी जमली, तुमच्या शब्दावर थांबतील. रविवारपूर्वी खुटबावला जाऊन एवढंच म्हणा की पोरीला एकदा विचारा. मी निघताना ती पाण्याचा तांब्या देत हळूच म्हणाली होती, "चित्रं आणतोस, तोंडानं कवा बोलणार हाईस?"

ता. क. ३. वरचं परत वाचलं. तिनं मला विचारलं आणि मी तुम्हाला पाठवतोय. नको, तुम्ही जाऊ नका. खुटबावला जायला चौफुल्याची गाडी अकराला आहे. आप्पांना सांगतो की कॉलेज सोडलंय, फ्रेमा बसवतो आणि करुणा मला हवी आहे, तिलाही मी हवा असलो तर. हात रिकामेच घेऊन जातोय. हे उभ्यानं लिहितोय, अक्षर समजून घ्या. पाकीट स्टँडवरच्या पेटीत टाकतो. निघालो, दार ओढून घेतो.